अंगण खरेच वाकडे असेल तर?

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपल्याला लहानपणापासून इतक्या वेळा ऐकवली जाते की पुढे ती ऐकवायला दुसऱ्या कोणाची गरजच उरत नाही; आपणच ती स्वतःला ऐकवू लागतो. पेपर अवघड गेला, अंगण वाकडे. एकांकिकेत आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही, अंगण वाकडे. म्हण खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. दहांपैकी आठ वेळा ती खरीच असते. पण उरलेल्या दोन वेळांचे काय? एखादे वेळी अंगण खरोखरच वाकडे असेल, आणि ते वाकून पाहण्याची तसदीच कोणी घेतली नसेल तर? हा प्रश्न मला पडला तो नेमबाजीच्या मैदानावर, करंगळीच्या पेराएवढ्या एका काडतुसामुळे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकात काडतुसांवर लिहावे ह्याचे काहींना नवल वाटेल. संपादक मंडळातल्या एका मित्राने तर, "कविता वगैरे काही नाही का?" असे विचारलेही. कविता नाही. जे आहे ते असे आहे.

एफ. वाय. ला असताना एन. सी. सी. च्या शिबिरात मी पहिल्यांदा रायफल हातात घेतली. पंचवीस मीटरवर कागद लावलेला, पाच गोळ्या मारायच्या. माझ्या पाच गोळ्या पाच गावांना गेल्या. एक तर कागदावर सापडलीच नाही. आम्हांला शिकवणारे उस्ताद सातारकडचे होते. मी त्यांना म्हटले, "उस्ताद, काडतुसे खराब आहेत. प्रत्येकाचा आवाज वेगळा येतो." ते काही बोलले नाहीत. माझ्या जागी आडवे झाले, त्याच डब्यातली पाच काडतुसे घेतली, त्याच रायफलीतून मारली, आणि उठून कागद आणून माझ्या हातात दिला. पाचही भोके माझ्या अंगठ्याखाली झाकली जात होती. "पोरी, गोळीला नंतर बोल. आधी श्वासाला बोल," एवढेच ते म्हणाले. मी चाप हलकेच ओढत नव्हते, झटकत होते. आणि श्वास तर धरलेलाच नव्हता. त्या दिवशी माझे तोंड बंद झाले ते योग्यच झाले.

पण धडा अंगी मुरला की माणूस तो दुसऱ्याला देऊ लागतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

पुढच्या वर्षी एका निवड चाचणीला मी आणि माझी एक मैत्रीण बरोबर गेलो होतो. तिचे नाव इथे लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही. आमच्या तुकडीत तिच्याइतका स्थिर हात कोणाचाच नव्हता. ह्या वेळी अंतर पन्नास मीटर होते. तिच्या पहिल्या पाच गोळ्या मध्यभागी, जवळजवळ एकात एक बसल्या. मग काडतुसांचा डबा संपला आणि दुसरा फोडला गेला. पुढच्या पाचही गोळ्या वर गेल्या. घड्याळाच्या बाराच्या दिशेला, मध्यापासून चांगल्या दोन बोटे. ती उठून माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "अगं, ह्या गोळ्या वेगळ्या आहेत. मघाच्या राखाडी होत्या, ह्या तांबूस आहेत." मी हसले आणि तिला ती म्हण ऐकवली. ती गप्प झाली. निवड यादीत तिचे नाव नव्हते. त्यानंतर ती मैदानावर आलीच नाही. आजही वर्गात ती माझ्यापुढे दोन बाकांवर बसते. आम्ही नोट्स, परीक्षा, घरचे सगळे बोलतो. नेमबाजीचे बोलत नाही.

त्यानंतर वर्षभराने मी शहरातल्या रायफल क्लबमध्ये जाऊ लागले, आणि तिथल्या सरांनी एका रविवारी टेबलावर काडतुसांचे चार-पाच डबे मांडून आम्हांला जे समजावले, ते ऐकताना मला मैदानावरचा तो कागद लख्ख दिसू लागला. ते इथे थोडक्यात सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझ्या मताला आधार नाही.

आपण ज्याला पॉइंट टू टू म्हणतो ते काडतूस 'रिमफायर' जातीचे. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी ठिणगी देणारी छोटी टोपी बसवलेली असते. पॉइंट टू टूला ती नसते. पितळेच्या पातळ नळकांड्याच्या बुडाशी जी बाहेर आलेली कड असते, ती आतून पोकळ असते. ठिणगीचा मसाला ओला असताना नळकांडे गरगर फिरवून तो त्या कडेत सगळीकडे पसरवतात. रायफलीचा घोडा कडेवर आदळला की मसाला चेमटतो, पेटतो, दारू जळते आणि शिशाची गोळी नळीतून निघते. आज जगभर वापरले जाणारे 'लाँग रायफल' हे ह्या जातीचे काडतूस अमेरिकेत १८८७ साली निघाले. त्यातली नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. आतली दारू चिमूटभर.

आता गोम पाहा. मोठ्या रायफलीचा नेमबाज रिकामे नळकांडे पुन्हा भरू शकतो. स्वतःच्या हाताने दारू तोलून, आपल्या रायफलीला मानवेल असे काडतूस घरी बनवू शकतो. रिमफायरवाल्याला ती सोय नाही. कड एकदा चेपली की ते नळकांडे संपले. कारखान्याने जे दिले ते घ्यायचे. म्हणजे त्याच्या हातात उरते ती फक्त निवड. आणि कारखान्यातसुद्धा, कडेतला मसाला एखाद्या ठिकाणी दाट, एखाद्या ठिकाणी विरळ बसला, दारूची चिमूट किंचित कमी-जास्त झाली, की गोळीचा वेग बदलतो.

वेग थोडासा बदलला तर असे काय बिघडते? कागदावर हिशेब करून पाहा. आर्ट्सवाल्यांनाही जमेल असा आहे. स्पर्धेच्या काडतुसातली गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. पन्नास मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी तिला जवळजवळ साडेबारा सेंटीमीटर खाली ओढते. रायफलीची दुर्बीण किंवा माशी त्या हिशेबाने आधीच बसवलेली असते, म्हणून गोळी मध्यावर लागते. पण एखादी गोळी सेकंदाला दहा मीटरने हळू निघाली तर ती सुमारे ७ मिलिमीटर जास्त खाली जाते. पन्नास मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर. म्हणजे हात स्थिर, श्वास धरलेला, चाप हळुवार, सगळे बिनचूक, आणि तरी जवळजवळ एक गुण काडतुसाने खाल्ला. नेमबाजाला पत्ताही लागत नाही.

आणि डबाच बदलला तर? शिशाच्या गोळीवर तांब्याचा पातळ मुलामा बहुधा जास्त वेगाच्या काडतुसांत असतो. ती गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास निघते. वरचाच हिशेब तिला लावला तर पन्नास मीटरवर ती नेहमीच्या गोळीपेक्षा सुमारे तीन सेंटीमीटर वर लागते. तीन सेंटीमीटर, बाराच्या दिशेला. चांगली दोन बोटे.

सर हे फळ्यावर लिहीत होते आणि माझा घसा कोरडा पडत चालला होता.

त्या कागदावर आणखी एक पुरावा होता, तो मी त्याच दिवशी वाचायला हवा होता. तिच्या वरच्या पाच गोळ्या विखुरलेल्या नव्हत्या. खालच्या पाच जशा एकमेकींना चिकटून होत्या तशाच वरच्या पाचही चिकटून होत्या. बिघडलेला हात गोळ्या विस्कटतो. त्या उचलून दुसरीकडे नीट रचून ठेवत नाही. उस्तादांनी मला शिकवले होते ते विस्कटलेल्या गोळ्यांविषयी. मी तेच औषध रचलेल्या गोळ्यांना दिले.

अर्थात, हे मी आज सिद्ध करू शकत नाही. गालाची टेकण बदलली तरी गोळ्यांचा पुंजका असा सरकू शकतो, माशीला धक्का लागला तरी सरकू शकतो. ते डबे फेकले गेले, कागद रद्दीत गेला, कोणत्या डब्यावर काय छापले होते हे कोणी टिपून ठेवले नाही. आणि माझे खरे दुखणे तेच आहे. तिचा दोष होता की काडतुसाचा, हे आता कधीच कळणार नाही. कारण ते विचारण्याची आपल्याकडे पद्धतच नाही. आपल्याकडे दोनच पद्धती आहेत. एक, सगळा दोष अंगणाचा म्हणायचे. दुसरी, अंगणाचे नाव काढणाऱ्याला हसायचे. दोन्हींत अंगण कोणी मोजत नाही.

माझे मत एवढेच आहे, की मोजावे. आणि नेमबाजीत मोजणे कठीण नाही.

क्लबमध्ये आम्ही ते तीन रविवार केले. सरांनी रायफल वाळूच्या पिशव्यांवर अशी टेकवली की नेमबाजाच्या हाताचा आणि श्वासाचा परिणाम शक्य तितका कमी व्हावा. तीन बनावटींची काडतुसे घेतली: एक स्वस्त, एक मधले, एक सगळ्यांत महाग. प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे चार कागद. तीन किंवा पाच गोळ्यांवर का भागवायचे नाही, असे मी विचारले. सर म्हणाले, पाच गोळ्या नशिबानेही जवळ बसतात; चाळीस बसत नाहीत. बनावट बदलली की पहिल्या काही गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण ह्या गोळ्यांना मेणासारखे वंगण लावलेले असते, त्याचा थर नळीत बसतो, आणि नव्या वंगणाला जुन्याची जागा घ्यायला थोड्या गोळ्या जाव्या लागतात. वारा पडलेला असतानाच चाचणी घ्यायची. आणि वाईट गेलेली गोळी 'माझ्याकडूनच चुकली' म्हणून सोडून द्यायची नाही. ती सोडली तर चाचणी कसली?

निकाल असा लागला. स्वस्त काडतुसाच्या दहा गोळ्या दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकेनात. महागाच्या नऊ गोळ्या रुपयाखाली येत आणि दहावी दर वेळी बाहेर डोकावे. मधल्याच्या दहाही रुपयाखाली अगदी निवांत बसल्या. आम्ही सगळे सरांकडे पाहू लागलो. सर म्हणाले, "ह्याचा अर्थ मधले काडतूस चांगले असा घेऊ नका. ह्या नळीला ते मानवते, एवढाच अर्थ. शेजारच्या रायफलीत उलटेही होईल." वरसंशोधनासारखेच म्हणायचे, घराणे मोठे असून भागत नाही, पत्रिका जुळावी लागते.

पुढची गोष्ट तर मला फारच मोलाची वाटली. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या काडतुसांतही फरक असतो. कारखान्यात एका वेळी, एकाच मालातून जी काडतुसे निघतात तो एक 'लॉट', आणि त्याचा क्रमांक डब्यावर छापलेला असतो. मोठे नेमबाज नाव पाहून काडतूस घेत नाहीत, लॉट पारखून घेतात. इंग्लंडातली ईली, फिनलंडची लापुआ ह्या कंपन्यांनी तर त्यासाठी चाचणीची केंद्रेच उघडली आहेत. लापुआचे असे एक केंद्र जर्मनीत शोनेबेक येथे आहे. नेमबाज आपली रायफल तिथे नेतो, ती दस्त्यातून काढून लोखंडी पकडीत घट्ट आवळतात, एकामागून एक लॉट तिच्यातून मारतात, प्रत्येक गोळी कुठे लागली ते यंत्र मोजते. जो लॉट त्या नळीला मानवतो तोच नेमबाज साठवून घेतो, आणि संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावत नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो मलाही होता. जास्त वेग म्हणजे जास्त अचूक असे आपल्याला वाटते. मैदानावर नवा आलेला मुलगा हटकून 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेला डबा उचलतो. पॉइंट टू टूच्या बाबतीत हे बहुधा उलटे पडते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. जी गोळी त्याहून वेगाने निघते ती वाटेत केव्हातरी त्या वेगाखाली उतरते, आणि त्या उंबरठ्याजवळ हवा तिला हेलकावे देऊ शकते. स्पर्धेची गोळी मुळातच त्या वेगाच्या थोडी खाली ठेवलेली असते, म्हणून तिला तो उंबरठा ओलांडावा लागत नाही. शिवाय वेगवान गोळी हवेशी झगडून आपला वेग जास्त झपाट्याने गमावते, आणि त्यामुळे आडव्या वाऱ्यात हळू गोळीपेक्षा जास्त ढकलली जाते. ऐकायला विपरीत वाटते, पण तसे आहे. कागदाला भोक पाडायला जोर लागत नाही. तिथे लागते ते सातत्य. पहिली गोळी जशी गेली तशीच साठावी जाणे, ह्यालाच चांगले काडतूस म्हणतात.

ह्यावर मला तीन आक्षेप ऐकायला मिळाले आहेत. ते खोटे नाहीत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप आमच्याच तुकडीतल्या एकाचा. तो म्हणतो, खरा नेमबाज कशानेही मारतो. अर्जुनाने बाणाचा लॉट पाहिला होता का? पोपटाचा डोळा दिसला पाहिजे, बस्स. अर्जुनाविषयी मी वाद घालणार नाही. पण आपल्या डोळ्यांसमोरची उदाहरणे पाहा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, तेव्हा त्यांचे गुण होते ६०० पैकी ५९७. साठ गोळ्यांत गमावले फक्त तीन गुण. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या पन्नास मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकल्यानंतर बहात्तर वर्षांनी मराठी मातीतल्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले. त्या अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, १०.९ हा एका गोळीचा सर्वोच्च गुण, आणि दशांशाचा एक भाग म्हणजे कागदावर ०.८ मिलिमीटर. जिथे ०.८ मिलिमीटरने क्रम बदलतो तिथे ७ मिलिमीटरची चूक पोटात घेऊन फिरणारे काडतूस कोण वापरील? मोठा नेमबाज कशानेही मारतो हे खरे नाही. तो अंगण सारवून, सपाट करून मगच नाचायला उतरतो. आपल्याला फक्त नाच दिसतो.

दुसरा आक्षेप एका प्राध्यापकांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ते म्हणाले, "विद्यार्थ्याच्या हातात असे हत्यार दिलेस की तो प्रत्येक अपयशाला काडतूस शोधेल." सरांचा धोका खरा आहे, मी स्वतः एफ. वाय. ला तेच केले होते. पण मला वाटते, मोजण्याने सबबी वाढत नाहीत, कमी होतात. पिशव्यांवर टेकवलेल्या रायफलीतून त्याच काडतुसाने दहा गोळ्या रुपयाखाली बसल्या, की मग त्याच काडतुसाने मी पडून मारल्यावर जे विस्कटते ते सगळे माझे. तिथे पळवाट राहत नाही. तीन रविवारांनंतर माझ्या वहीत एका पानावर काडतुसाचा दोष आहे आणि दुसऱ्यावर माझा. आणि माझे पान, खोटे कशाला बोलू, बरेच जास्त भरलेले आहे. पण ते माझे आहे हे मला आता ठाऊक आहे, कोणी हसून सांगितले म्हणून नव्हे.

तिसरा आक्षेप पैशाचा. हा खेळ महाग आहे. स्पर्धेची चांगली काडतुसे परदेशातून येतात, आणि शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय ना रायफल घेता येते ना काडतूस. शेतकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या मुलाने लॉट पारखत बसायचे कुठून? मला हे मान्य आहे. पण ह्यातून निघणारा निष्कर्ष माझ्या मते उलटा आहे. ज्याच्याजवळ पुष्कळ काडतुसे आहेत त्याने दहा वाया घालवली तरी चालते. ज्याच्या वाट्याला महिन्याला पन्नास येतात त्याचे प्रत्येक काडतूस काहीतरी शिकवून गेले पाहिजे. चुकीच्या काडतुसाने केलेला सराव म्हणजे चुकीच्या उत्तरपत्रिकेवरून केलेला अभ्यास. जितका मनापासून कराल तितके नुकसान जास्त. आणि सगळ्यांत महाग काडतूस तुमच्या रायफलीला मानवेलच असे नाही, हे कळणे गरिबालाच अधिक फायद्याचे नाही का?

तेव्हा आपल्या जिमखान्याला आणि एन. सी. सी. विभागाला माझ्या तीन सूचना आहेत. एन. सी. सी. ला येणारी काडतुसे सरकारकडून येतात, ती आपल्याला निवडता येत नाहीत, हे जाणूनच त्या करते.

पहिली: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी आपले विद्यार्थी क्लबमध्ये सराव करतात, त्यांची काडतुसे जिमखान्याच्या निधीतून हंगामाच्या सुरुवातीला एकदम घ्यावीत, क्लबमार्फत आणि नियमांत राहून, दोन-तीन लॉट पारखून, त्यांतल्या एकाच लॉटची. सराव एका काडतुसाने आणि स्पर्धा दुसऱ्याने, असे होऊ नये. दर महिन्याला जे मिळेल ते चार डबे आणण्यात पैसा वाचत नाही. फक्त तो वाया गेलेला दिसत नाही.

दुसरी: मैदानावर एक वही असावी. तारीख, रायफलीचा क्रमांक, डब्यावरचा लॉट क्रमांक, वारा, आणि कागद त्याच पानाला टाचलेला. काडतुसांचा डबा उन्हात, मातीत ठेवू नये, कारण वंगणाला वाळूचा एक कण चिकटला तरी तो नळीत जातो; हेही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. सरकारी काडतूस निवडता येत नाही, पण टिपून ठेवता येते.

तिसरी: निवड चाचणी चालू असताना डबा बदलू नये. बदलावाच लागला तर सर्वांना थांबवून, न मोजल्या जाणाऱ्या चार-दोन गोळ्या मारू द्याव्यात, म्हणजे नवे काडतूस कुठे लागते ते पाहून माशी सरकवता येईल. मोठ्या स्पर्धांतही गुणांच्या गोळ्या सुरू होण्यापूर्वी अशा सरावाच्या गोळ्या देतातच.

पहिल्या सूचनेला पैसे लागतात. उरलेल्या दोहोंना एक वही लागते, आणि एक सवय. कोणी येऊन "ह्या गोळ्या वेगळ्या आहेत" असे म्हणाले, तर हसण्यापूर्वी गोळीकडे एकदा पाहण्याची सवय.

हे लिहून झाल्यावर मी ते माझ्या त्या मैत्रिणीला वाचायला दिले. तिची परवानगी हवी होती, आणि खरे म्हणजे माफीही मागायची होती. तिने सगळे वाचले. हिशेब स्वतः एकदा करून पाहिला. तीन सेंटीमीटर येतात का ते. येतात. मग कागद माझ्या हातात परत देत ती म्हणाली, "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं." ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. येत्या रविवारी क्लबमध्ये ये असे मी म्हटले. तिने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. सरांना मी सांगून ठेवले आहे, की त्या मधल्या काडतुसाच्या पारखलेल्या लॉटचा पन्नासांचा एक डबा तिच्यासाठी बाजूला ठेवा, आणि तो संपेपर्यंत दुसरा फोडू नका.